रानातली पंगत: येळवस, जत्रा आणि कंदुरीची पार्श्वभूमी

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. वर्षातून एक दिवस असा उजाडतो की या सोळाही रस्त्यांवर चहाचा एक गाडा सापडत नाही. बंद नसतो, संचारबंदी नसते. येळवस असते. पंचांगात तिला दर्शवेळा अमावस्या म्हणतात, मार्गशीर्ष महिन्याची. जिल्हाधिकारी त्या दिवशी स्थानिक सुट्टी जाहीर करतात, आणि न केली तरी कचेरीत कोण बसणार होतं? सगळं शहर रानात गेलेलं असतं. ज्याला स्वतःचं रान नाही, त्याला कुणाचं ना कुणाचं बोलावणं असतं.

अलीकडं पुण्या-मुंबईची कुटुंबंही गाड्या भरून मराठवाड्यात येऊ लागली आहेत. कुणी हुरड्याला येतं, कुणी जत्रेला, कुणी नुसतं 'गावाकडचं जेवण' जेवायला. त्याला आता कृषी पर्यटन असं भारदस्त नाव आहे. पण या प्रदेशात फिरणं, जेवणं आणि देवाचं करणं ही तीन वेगवेगळी कामं मुळात कधी नव्हतीच. ज्वारीच्या पिकानं त्यांना एका दाव्याला बांधलं होतं, आणि ते कसं, हे कळायला येळवशीपासूनच सुरुवात करावी लागते.

आधी रान बघा. बालाघाटाच्या पठारावरची काळी जमीन पावसाळ्यातलं पाणी धरून ठेवते. पाऊस ओसरला की हस्ताच्या आगेमागे रब्बीची ज्वारी पेरायची आणि थंडीतल्या दवावर, जमिनीतल्या ओलीवर ती वाढवायची. मार्गशीर्ष सरता सरता शाळू, म्हणजे हीच रब्बीची ज्वारी, कमरेच्या वर गेलेला असतो, तूर शेंगांनी वाकलेली असते, हरभरा घाट्यात असतो, करडई काटे दाखवू लागते. राखण सोडली तर शेतकऱ्याच्या हाताला फारसं काम नसतं. म्हणजे खायला ताजं भरपूर, हातात वेळ आणि पीक अजून घरात आलेलं नाही. देवाला आणि सोयऱ्याला बोलवायला याहून चांगला दिवस कुठला?

त्या दिवशीचं ताट याच रानातून भरतं. भज्जी हे त्यातलं मुख्य. नाव ऐकून तळलेली भजी डोळ्यांसमोर आणू नका. तुरीचे ओले दाणे, वाल, पावटा, वाटाणा, हरभऱ्याचे सोलाणे, गाजर, वांगी, कांद्याची पात, मेथी असं जे हाताला लागेल ते शिजवायचं, त्यात चिंचेचा कोळ घालायचा, बेसन लावून घोटायचं आणि वरून लसणाची सढळ फोडणी द्यायची. सोबत बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, शेंगदाण्याची पोळी, गव्हाची खीर. आणि आंबील. आदल्या दिवशी ज्वारीचं पीठ ताकात भिजवून ठेवायचं, ते आंबलं की शिजवून पातळ करायचं, मग ठेचलेला लसूण, मीठ, कोथिंबीर. माझी चुलती आंबिलीचं बिंदगं, म्हणजे भांडं, डोक्यावर घेऊन बांधावरून चालायची. तोंडाला कोरं फडकं बांधलेलं असायचं. बिंदगं चुंबळीवर हलायचं, पण फडकं कोरडंच राहायचं. आम्ही पोरं मागून फक्त ते फडकं बघत चालायचो, कधी ओलं होतंय म्हणून. एकदाही झालं नाही.

वांगी आणि कांदा या ताटात येतात, त्यालाही एक हिशेब आहे. चातुर्मासात अनेक घरांतून हे दोन्ही वर्ज्य. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला, खंडोबाला वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा आणि पातीचा कांदा असा नैवेद्य दाखवला की ते पुन्हा ताटात येतात. तिथून तीन आठवड्यांनी येळवस.

रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी करतात. आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडतात, ते पांडव. सोबत लक्ष्मी. पूजा झाली की एकजण आंबिलीचं भांडं घेतो, दुसरा नैवेद्य, आणि पिकाभोवती फिरत ते शिंपतात, याला चर शिंपणं म्हणतात. शिंपताना आरोळी देतात, 'ओलगे ओलगे सालम पोलगे'. गावागणिक उच्चार थोडा बदलतो. अर्थ विचाराल तर म्हातारी माणसं हसतात आणि म्हणतात, आमचे वडील असंच म्हणायचे.

अर्थ मराठीत शोधून सापडतच नाही, कारण ती हाक कानडी मुलखाशी जोडलेली आहे. बीदर, कलबुर्गीकडं याच अमावस्येला 'एळ्ळ अमावस्या' म्हणतात. एळ्ळ म्हणजे तीळ. आपली येळवस बहुधा तिथूनच आली, आणि म्हणूनच तिळाच्या पोळीशिवाय हे ताट पुरं होत नाही, असं मला वाटतं. तिकडंही पांडव मांडतात, तिकडंही बज्जी असते, 'चरग' शिंपतात आणि 'हुलिग्यो हुलिग्यो' अशी सुरुवात करून आरोळी देतात. आपलं बिंदगं म्हणजे तिकडचं बिंदिगे, आंबील म्हणजे अंबली. 'वेळ' या शब्दावरून काढलेल्या व्युत्पत्त्या मी पुष्कळ ऐकल्या आहेत, पण या एवढ्या जुळणीपुढं त्या टिकत नाहीत.

यात नवल काही नाही, कारण ही सीमारेषाच अलीकडची आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि बीदर, गुलबर्गा, रायचूरही त्यातच. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तर बीदर जिल्ह्याचेच होते. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा ते उस्मानाबादेला जोडले गेले. भालकी, हुमनाबाद पलीकडं राहिले. लातूर जिल्हा झाला तो 1982 साली. निलंग्याची लेक भालकीला आणि भालकीची निलंग्याला दिलेली असायची. फाइलीवर रेघ ओढली म्हणून येळवशीचं बोलावणं थांबलं नाही. म्हणूनच हा सण लातूर, धाराशिव या पट्ट्यात जसा होतो तसा जालना, संभाजीनगरकडं होत नाही. तिकडच्या मित्राला येळवशीचं सांगा, तो तुम्हाला नागदिवाळी की काय असं विचारेल.

येळवशीच्या आदल्या दिवशी आणखी एक मोठी गोष्ट घडते. नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या माळेगावात, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला खंडोबाची देवस्वारी निघते आणि यात्रा भरते. 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणत बेलभंडारा उधळतात, वाघ्या-मुरळी नाचतात, कुस्त्यांचे फड लागतात, लावणी होते. पण माळेगावचं खरं नाव जनावरांच्या बाजाराचं. घोडे, गाढवं, उंट आणि याच मातीतली दोन गोवंशं: लालकंधारी आणि देवणी. देवणी बैलाची ठेवण, कानांची लांबी, शिंगांचा बाक यावर तिथं तासन् तास चर्चा चालते आणि सौदा रुमालाखाली बोटं दाबून होतो. पूर्वी कुटुंबाच्या कुटुंबं बैलगाडीत शिधा भरून इथं यायची. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची बरणी आणि गाडीखाली बांधलेला कंदील. दशमी दुधात किंवा गुळाच्या पाण्यात भिजवलेली, म्हणून चार दिवस टिकते. प्रवासाचं अन्न म्हणून तिचा शोध लागला असं म्हणायला हरकत नाही.

बैलगाडीनंतर आगगाडी आली, आणि तीही जत्रेच्याच आधारानं. अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे 1897 साली सुरू झाली, 1906 साली पंढरपूरला पोचली आणि 1911 साली लातूरला. परतीला कापूस, गळीत, जाताना वारकरी. निजामाच्या रेल्वेनं 1932 साली 27 बस घेऊन मोटारसेवा सुरू केली. मग एसटी. चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीला जाणाऱ्या जादा गाड्यांच्या टपावर माणसं बसलेली मी पाहिली आहेत. तिथं पालखी आमराईत जाते आणि वाटेत भाविक रानातली चुनखडी वेचतात. लहानपणी मला वाटायचं, हा खेळच आहे. खडे गोळा करायचे, टाकायचे, आणि मग आंब्याच्या सावलीला पुरणपोळी. चैत्रातली ही जत्राही पिकालाच धरून आहे. ज्वारी खळ्यावरून घरात आलेली, बलुतं देऊन झालेलं, पाडव्याला सालगड्याचं नवं साल ठरलेलं. निजामी राज्यातलं सरकारी सालही फसली होतं. फसल म्हणजे पीक.

सार्वजनिक जेवणाचा आणखी एक प्रकार बाहेरून येणाऱ्याला सहसा दिसत नाही, तो म्हणजे कंदुरी. नवस फिटला की दर्ग्यात बोकड कापायचा. करणारं घर बहुतेक वेळा हिंदू, हलाल करणारा मुलाणी. चुलवणावर रस्सा उकळत असतो, भाकरी गावातल्या घराघरातून फडक्यात बांधून येतात, आणि अख्खा गाव रानात मांडी घालून जेवतो. खुलताबादला तर सुफी संतांची परंपरा चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची, हजरत मुंतजिबुद्दीन जरजरी जरबक्ष यांचा उरूस मोठा. धाराशिवला ख्वाजा शमसुद्दीन गाजींचा उरूस, परभणीला तुराबुल हकचा, फेब्रुवारीत. तेवढ्यासाठी माहेरी येणाऱ्या लेकी हिंदू-मुसलमान दोन्हीकडच्या असतात. 1327 साली महंमद तुघलकानं राजधानी देवगिरीला आणली, त्या लष्कराबरोबर नान-खलिया आला असं संभाजीनगरात सांगतात. लष्कराला एकदम शेकड्यांनी पोळ्या हव्यात, एका कढईत सगळ्यांचं कालवण हवं, हे पाहता ते पटतंही.

आणि सप्ताह. वैजापूरजवळ गोदावरीतल्या सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहात आमटी-भाकरीच्या पंगती बसतात. भाकरी आसपासच्या गावांतून येते, पूर्वी बैलगाडीनं, आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनं. आमटी तिथंच होते. काळ्या मसाल्याची, तोंडात आग लावणारी. पैठणला फाल्गुन वद्य षष्ठीला नाथषष्ठी भरते. एकनाथ महाराजांनी 1599 साली समाधी घेतली, त्याची ही तिथी. श्राद्धाचा स्वयंपाक नाथांनी आधी अस्पृश्यांना वाढला आणि ब्रह्मवृंद रागावला, ही कथा पैठणात प्रत्येक मुलाला माहीत असते. कथा सांगणाऱ्या गावांतून पुढची साडेतीनशे वर्षं पंगती मात्र जातवार बसत राहिल्या. येळवशीच्या रानातही सालगड्याचं कुटुंब त्याच कोपीजवळ, पण वेगळं आणि मागून जेवायचं. गावाकडच्या जेवणाच्या आठवणी काढताना हे कुणी काढत नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

1972 च्या दुष्काळात शाळूच उभा राहिला नाही. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी रेशनवर मिळायची आणि रोजगाराच्या कामावर सुकडी. घरातली म्हातारी माणसं मिलोच्या भाकरीचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करायची. पुढं सोयाबीन आलं आणि लातूर त्याची मोठी बाजारपेठ झालं. रब्बीत हरभरा पसरला आणि ज्वारीचं क्षेत्र आटत गेलं, कारण काढणीला मजूर मिळत नाही आणि कडबा खाणारी जनावरंही कमी झाली. गंमत अशी की नेमकी तेव्हाच हुरड्याची पार्टी झाली.

हुरडा हा विकायचा माल नव्हता. आगटी खणायची, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, भाजलं की तळहातावर गरम गरम चोळायचं, फुंकर मारून भूस उडवायचं आणि कोवळे हिरवे दाणे पाहुण्याच्या हातावर द्यायचे. चोळणाऱ्याचे हात काळे आणि लाल होतात. हुरड्याची म्हणून गूळभेंडीसारखी वाणं वेगळी असतात, चार तासं त्यांचीच पेरायची, पाहुण्यांसाठी. सोबत तिळाची चटणी, गूळ, डहाळा, बोरं, वर ताक. राज्य सरकारनं 2020 साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, 2023 हे भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि रस्त्याकडेच्या रानांत माणशी दर लागले. मला यात वाईट काही दिसत नाही. शाळूला कुणी भाव देत असेल तर द्यावा. फक्त एकदा एका केंद्रावर हुरड्याबरोबर पनीरची भाजी आणि रुमाली रोटी आली, तेव्हा माझ्या चुलत्यानं वाढप्याला शांतपणे विचारलं, "बाबा, हे कोणत्या रानात उगवतंय?"

येळवशीला अजून दर लागलेला नाही. संध्याकाळी कोपीसमोर सुगडात दूध ठेवून उतू घालतात. कुठल्या दिशेला उतू गेलं त्यावर पुढचा पाऊस कुठून येणार याचा अंदाज बांधतात, आणि दरवर्षी त्यावरून वाद होतो. अंधार पडला की कडब्याची पेंडी पेटवून पिकाभोवती पळायचं. मग सगळी उतरंड परत गाडीत. भज्जी मात्र नेहमी मुद्दाम जास्त केलेली असते, कारण ती दुसऱ्या दिवशी मुरून जास्त चांगली लागते. त्या रात्री लातूरहून पुण्याला निघणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये चढा. प्रत्येक सीटखाली एक स्टीलचा डबा असतो, झाकणाला सुतळी बांधलेला, आणि मुरूड यायच्या आत सगळ्या गाडीला लसणाच्या फोडणीचा वास सुटलेला असतो.