शटलचा वेग (बॅडमिंटन)

बॅडमिंटनचे फूल, म्हणजेच शटल, ठराविक जोराने मारल्यावर किती लांब जाते त्याला शटलचा वेग म्हणतात. तो जितका बनावटीवर तितकाच हवेवर ठरतो. सोलापुरात जुन्या माणसांना ‘शटल’ म्हटले की आधी मागावरचा धोटा आठवतो. चादरींच्या गावात ते साहजिकच, आणि फुलाला हे नाव पडले तेही धोट्याच्या येरझाऱ्यांवरूनच.

स्पर्धेच्या शटलला हंसाची किंवा बदकाची १६ पिसे असतात. त्याचे वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम लागते. डब्यावर ७५ ते ७९ यांपैकी एक आकडा असतो. हे वजन ग्रेनमध्ये असते. ७७ म्हणजे साधारण ५ ग्रॅम. आकडा वाढला की वेग वाढतो. तपासणीसाठी मागच्या रेषेवरून खालून पूर्ण जोराने फूल मारतात. ते समोरच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर अलीकडे पडले, तर वेग बरोबर.

तापलेली हवा विरळ असते, म्हणून उन्हात फूल पळते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर जातो. त्यात गाव समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांच्या आसपास, म्हणजे हवा आणखी थोडी विरळ. हिवाळ्यात नेमका रेषेवर बसणारा टॉस (समोरच्या मागच्या रेषेपर्यंत उंच मारलेला फटका) तेव्हा सरळ बाहेर जातो. उपाय म्हणजे ७६ किंवा ७५ चा डबा घेणे. सरावात काहीजण पिसांची टोके बाहेर दुमडून वेग मारतात, पण फूल डगमगते. खरा त्रास कोरडेपणाचा. पिसे ठिसूळ होतात आणि दोन स्मॅशमध्ये फूल मोडते. डबा संपतो तो खिशातून. म्हणून आदल्या रात्री डब्याची दोन्ही झाकणे काढून तो किटलीच्या वाफेवर काही सेकंद धरायचा आणि लगेच बंद करायचा. जास्त वाफ दिली तर फूल जड होते. शिवाय वाऱ्याने फूल वाहते, म्हणून मे महिन्यातही पंखे बंद! हे सोसल्याशिवाय इथे खेळता येत नाही.

आंतरराष्ट्रीय कारकिर्दीत हीच परीक्षा सतत होते. जागतिक क्रमवारीसाठी ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम १० स्पर्धांचे गुण धरतात. त्यामुळे खेळाडू देशोदेशी फिरतो आणि दर वेळी हॉल नवा, हवा नवी. सांगलीचे बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर १९५६ साली जिंकले तेही दमट हवेच्या मलायात, सेलंगोर स्पर्धेत. आज वातानुकूलित हॉलमध्ये झोत एका बाजूने येतो. एका टोकाला टॉस आखडता घ्यावा लागतो, दुसऱ्या टोकाला जोर लावावा लागतो. तिसऱ्या गेममध्ये ११ गुणांवर बाजू बदलतात, ती याच कारणाने महत्त्वाची ठरते.

सोलापूरचा मुलगा पावसाळ्यात पुण्याच्या शिबिराला गेला की पहिले दोन दिवस त्याचा टॉस अर्ध्यातच पडतो. रॅकेटचे गटिंग (तारांची जाळी) सैल करून घ्यायला निघालेल्या त्याला जाणता कोच थांबवतो आणि आधी शंभर टॉस मारायला लावतो.