बधिर खेळाडूंची मानसिक तयारी : पार्श्वभूमी

डेफलिंपिक्सला, म्हणजे बधिर खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेला, जाणाऱ्या खेळाडूंसोबत क्रीडा मानसशास्त्रज्ञ हवा, ही मागणी आता मुंबईतल्या मैदानांवर उघडपणे होते. ती इतक्या उशिरा का आली, हे समजून घ्यायला १९२४च्या पॅरिसमधल्या पहिल्या स्पर्धेपेक्षा, बधिरांची संघटना पॅरालिम्पिकपासून वेगळी झाली ते १९९५ साल जास्त उपयोगी पडतं.

मागचं थोडक्यात. १८८० साली मिलानच्या परिषदेने बधिरांच्या शाळांतून खुणांची भाषा काढून टाकून बोलण्यावरच भर द्यायचा ठराव केला. ठरवणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्याच दशकात मुंबईत बधिरांची शाळा सुरू झाली, आणि पुढे कित्येक दशकं आपल्या बहुतेक शाळांत ओठ वाचायचे आणि बोलायचं, हीच शिस्त राहिली. १९२४ला पॅरिसला नऊ देशांचे १४८ खेळाडू जमले ते या वातावरणात. ती स्पर्धा बधिरांनी स्वतः उभी केली होती, आणि संघटनेचा कारभार आपल्याच हातात ठेवायचा हा आग्रह तेव्हापासूनचा.

त्या आग्रहाची खरी कसोटी लागली ती नव्वदच्या दशकात. १९८९ साली पॅरालिम्पिकची जागतिक संघटना स्थापन झाली तेव्हा बधिरांची संघटनाही तिच्यात होती. १९९५ मध्ये ती बाहेर पडली. एकत्र स्पर्धा भरवायची तर बधिर खेळाडूंची संख्या कापावी लागणार होती, आणि दुभाष्यांचा खर्च कुणी उचलायचा याचं उत्तर मिळत नव्हतं. त्यापलीकडे मुद्दा तत्त्वाचा होता : धावायला, पोहायला, नेम धरायला बधिर खेळाडूला शरीराची अडचण नसते, अडचण येते ती संवादाची. २००१ साली ‘डेफलिंपिक्स’ या नावाला ऑलिम्पिक समितीची मान्यता मिळाली आणि वेगळी वाट पक्की झाली.

हा निर्णय चुकला असं म्हणणारे आजही आहेत. मुंबईत तरुण खेळाडूंच्या पालकांकडून ते हमखास ऐकू येतं, आणि त्यांची तक्रार खोटी नाही. पॅरालिम्पिकसाठी पात्र ठरणारे अपंगत्वाचे दहा प्रकार आहेत, त्यांत बधिरत्व नाही. पुढच्या तीस वर्षांत पैसा, प्रायोजक, फिजिओ, आहारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ हे सगळं ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिकच्या आधाराने वाढलं. बधिर खेळाडू त्या वाटेवर नव्हताच. तरीही माझ्या मते बाहेर पडणं योग्य होतं. आत राहिले असते तर दुभाषा हा परवडला तर घ्यायचा खर्च ठरला असता, आणि दुभाष्याशिवाय मानसशास्त्रज्ञाचं कामच सुरू होत नाही. चूक झाली ती नंतर, वेगळ्या वाटेने जाणाऱ्यांना तेवढाच आधार द्यायचं ज्यांनी टाळलं त्यांची.

दरम्यान क्रीडा मानसशास्त्र वाढत होतं ते कानावर विसंबून. १९७७ सालची स्पर्धेच्या चिंतेची पंधरा विधानांची चाचणी आपल्याकडे अजून वापरली जाते. ती मराठीत छापून दिली तरी, खुणांच्या भाषेत विचार करणाऱ्या अनेक खेळाडूंसाठी मराठी ही शाळेत कष्टाने शिकलेली दुसरी भाषा असते. मग गुण चिंतेचे मिळतात की वाचनाचे, हे सांगता येत नाही. म्हणून या खेळाडूंसोबत काम करणारे आम्ही विधानं खुणांत करून दाखवतो आणि उत्तरं व्हिडिओवर घेतो. शिथिलीकरणाचं, म्हणजे शरीर सैल सोडून ताण घालवण्याच्या सरावाचंही तसंच. ‘डोळे मिटा’ म्हटलं की सूचना तिथेच थांबतात. म्हणून सगळा क्रम आधी डोळे उघडे ठेवून शिकवायचा, आणि मग पुढच्या टप्प्यासाठी खांद्यावर हलकी थाप द्यायची. कुठे आणि किती वेळा, हे खेळाडूने आधी ठरवायचं.

डेफलिंपिक्सच्या एका नियमाचा परिणाम मैदानाबाहेर फारसा कुणाला ठाऊक नसतो. दोहोंपैकी ज्या कानाने जास्त ऐकू येतं त्याचंही श्रवणाचं नुकसान किमान ५५ डेसिबल असावं लागतं, आणि स्पर्धेत श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअरचा (शस्त्रक्रियेने कानात बसवलेल्या श्रवण उपकरणाचा) बाहेरचा भाग लावता येत नाही. वर्षभर मशीन लावून सराव करणारी मुलगी अंतिम फेरीत अचानक पूर्ण शांततेत उभी राहते. शर्यत सुरू करणारा लाल, पिवळा, हिरवा दिवा तिला दिसतो, पण आपल्याच पावलांचा आवाज गेलेला असतो आणि लय बिघडते. म्हणून मशीन काढून सराव करायचं वेळापत्रक महिनोन् महिने आधी आखावं लागतं. हे काम प्रशिक्षक आणि मानसशास्त्रज्ञ दोघांचं आहे.

मुंबईकडे इथे एक जमेची बाजू आहे. वांद्र्याला १९८३ साली बधिरांसाठीची राष्ट्रीय संस्था आली, आणि २००१च्या सुमारास तिथेच भारतीय सांकेतिक भाषेचं आणि दुभाष्यांचं प्रशिक्षण सुरू झालं. दिल्लीतलं या भाषेचं स्वतंत्र केंद्र २०१५चं. पण प्रशिक्षित दुभाषे थोडेच, त्यामुळे निवड चाचणीला, दवाखान्यात आणि लग्नातही तीच माणसं भेटतात. गुप्तता राखणं यामुळे अवघड होतं. शिवाय लोकलचा दिव्यांगांचा डबा हा मुंबईतल्या बधिरांचा रोजचा कट्टा आहे. विरारला सांगितलेली गोष्ट चर्चगेटला पोचायला तेवढाच प्रवास पुरतो. म्हणून समुपदेशनाचा दुभाषा संघाच्या दुभाष्यापेक्षा वेगळा ठेवायचा आणि तो खेळाडूने निवडायचा, असा नियम आम्ही केला. हा दुभाषा मानसशास्त्रज्ञाच्या शेजारी बसतो, म्हणजे खेळाडूला दोघांचे चेहरे एकदम दिसतात. पाठीमागे खिडकी नको, उजेडात हात दिसेनासे होतात.

२०२२ साली ब्राझीलहून भारताने आठ सुवर्णांसह १६ पदकं आणली, तेव्हा वर्तमानपत्रांतून या खेळाडूंना जागा मिळाली. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये टोकियोत शताब्दीची स्पर्धा झाली. पथकातल्या अधिकाऱ्यांची संख्या मात्र मोजकीच असते, आणि कात्री लागते तेव्हा मानसशास्त्रज्ञाचं नाव लवकर गळतं. मग काम उरतं व्हिडिओ कॉलवर. टोकियोत सकाळचे नऊ म्हणजे मुंबईत पहाटेचे साडेपाच. त्या वेळी दुभाष्यालाही जागं राहावं लागतं, आणि त्याच्या मानधनाची तरतूद अजून कुठल्याही ठरलेल्या शीर्षकाखाली बसत नाही.