ट्युनिका काउंटीतील कॅसिनो व ग्रामजीवन

ट्युनिका ही अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील, शेजारच्या टेनेसी राज्यातल्या मेंफिस शहराच्या दक्षिणेस मिसिसिपी नदीकाठी वसलेली काउंटी (जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) आहे. गाळाची सुपीक जमीन, कापसाचे अफाट मळे आणि बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्ती ही तिची जुनी ओळख. यंत्रे आल्यावर वेचणीची मजुरी संपली. जमीन मात्र बहुतांशी थोड्या गोऱ्या मळेवाल्या घराण्यांकडेच राहिली. ट्युनिका गावातील शुगर डिच या गल्लीत घरांच्या मागून उघडे गटार वाहत असे. १९८५ मध्ये कृष्णवर्णीयांचे नागरी हक्क नेते जेसी जॅक्सन यांनी तेथे भेट दिली आणि तेव्हा दुष्काळाने गांजलेल्या देशाची आठवण देत या भागाला ‘अमेरिकेचा इथिओपिया’ म्हटले.

राज्याने १९९० मध्ये नदीकाठच्या व मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरील काउंट्यांत जुगाराला परवानगी दिली. कॅसिनो पाण्यावर असावा आणि स्थानिक मतदारांनी तो नाकारलेला नसावा, अशा अटी होत्या. मेंफिसला लागून असलेल्या डेसोटो काउंटीने मतदानात कॅसिनो नाकारले आणि शहरातल्या जुगाऱ्यांचा ओघ आपसूक ट्युनिकाकडे वळला. ऑक्टोबर १९९२ मध्ये म्हून लँडिंग येथे ‘स्प्लॅश’ सुरू झाला, तेव्हा नुसते आत शिरण्यासाठी लोक दहा डॉलर मोजून रांगा लावत. पुढचे कॅसिनो मेंफिसच्या आणखी जवळ उभे राहिले व १९९५ मध्ये ‘स्प्लॅश’ बंद पडला. पाण्याची अट पाळण्यासाठी खोदलेल्या तळ्यात पाणी घेऊन त्यावर तराफे ठेवत आणि तराफ्यांवर कॅसिनो बांधत. गालिच्यावरून चालणाऱ्या पाहुण्याला आपण तरंगतो आहोत याचा पत्ताही लागत नसे. गोव्यातही कायद्याने जहाजावरच्या कॅसिनोला अशीच वाट करून दिली, पण मांडवीतील कॅसिनो पणजीच्या अगदी समोर उभे आहेत, तर ट्युनिकातील कॅसिनो गावापासून दूर, कापसाच्या शेतांमध्ये.

हे अंतर सामाजिकदृष्ट्या महत्त्वाचे ठरले. मेंफिसहून येणारी गाडी ६१ क्रमांकाच्या महामार्गावरून थेट कॅसिनोच्या वाहनतळावर जाई, त्यामुळे गावच्या बाजारपेठेला गिऱ्हाईक फारसे मिळाले नाही. भरभराटीच्या काळात नऊ कॅसिनो होते आणि त्यांतील सुमारे १३,००० नोकऱ्या काउंटीच्या लोकसंख्येपेक्षा जास्त होत्या. साहजिकच पुष्कळ कर्मचारी बाहेरून ये-जा करत. पूर्वी हंगामापुरती मजुरी करणाऱ्या कुटुंबांत प्रथमच बारमाही पगार येऊ लागला, पण कॅसिनो चोवीस तास चालत असल्याने रात्रपाळी आणि रविवारची पाळीही आली, आणि रविवारच्या प्रार्थनेभोवती फिरणारा गावचा आठवडा विस्कटला.

जुगाराच्या उत्पन्नावरील कराचा मोठा वाटा स्थानिक शासनाकडे आला. त्यातून रस्ते झाले, तसेच भव्य प्रदर्शन-सभागृह, विमानतळाचा विस्तार आणि नदीवरील संग्रहालयही झाले. मालमत्ता कर कमी केल्याचा लाभ अर्थातच ज्यांच्याकडे जमीन होती त्यांना अधिक मिळाला. शाळांची कथा वेगळी आहे. वर्णविभाजन कायद्याने संपल्यानंतर गोऱ्यांची मुले खाजगी शाळेत गेली होती, आणि सरकारी शाळा कॅसिनोचा पैसा येत असतानाही इतक्या मागे राहिल्या की राज्याला १९९७ मध्ये व पुन्हा २०१५ मध्ये त्यांचा कारभार हाती घ्यावा लागला. कॅसिनोंची मालकीही बाहेरच्या कंपन्यांची होती. काउंटीला जिचे नाव मिळाले त्या ट्युनिका या मूळ अमेरिकी जमातीचे वंशज मात्र लुइझियानातील मार्क्सव्हिल येथे १९९४ पासून जमातीच्या मालकीचा कॅसिनो चालवतात.

२०११ च्या पुरात ट्युनिकातील कॅसिनो काही आठवडे बंद राहिले. २०१४ मध्ये सर्वांत मोठा ‘हॅराज’ कायमचा बंद झाला. २०१८ मध्ये नदीपलीकडच्या आर्कान्सा राज्याने घटनादुरुस्ती करून कॅसिनोंना वाट मोकळी केली. त्या राज्यातले वेस्ट मेंफिस शहर तर मेंफिसपासून एका पुलाच्या अंतरावर आहे. पुढच्याच वर्षी ट्युनिकातील आणखी दोन कॅसिनो बंद झाले.