एकाच जाळीत टेपही अडकली: २०१८च्या स्थगितीमागचं

बायकांची लघवी निसटण्यावर बसवली जाणारी टेप इंग्लंडने २०१८मध्ये स्थगित केली, त्यामागची ही गोष्ट. खोकताना, शिंकताना लघवी निसटते तेव्हा मूत्रमार्गाला खालून आधार द्यायचा, ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभीची. आधी स्नायूंच्या पट्ट्या वापरून झाल्या. १९४२मध्ये पोटाच्या स्नायूंवरच्या आवरणाची पट्टी आली आणि १९७८नंतर तीच जास्त रुळली. पण त्यासाठी पोटावर छेद घ्यावा लागे.

हे चित्र पालटलं ते १९९०च्या दशकात, स्वीडनमध्ये. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची सेंटिमीटरभर रुंद टेप मूत्रमार्गाच्या मध्याखाली न ताणता ठेवायची, तीही भागापुरती भूल देऊन. बाईला टेबलावरच खोकायला सांगत आणि लघवी कितपत येते ते बघून टेप सारखी करत. अमेरिकेत १९९८मध्ये तिला परवानगी मिळाली ती बाजारातल्या आधीच्या एका स्लिंगशी, म्हणजे अशाच आधाराच्या पट्टीशी, साधर्म्य दाखवून. ते आधीचं स्लिंग वर्षभरातच परत मागवावं लागलं, टेप मात्र राहिली. २००१पासून ती मांडीच्या बाजूने घालण्याची पद्धत आली. त्यात मूत्राशयाला भोक पडण्याची भीती कमी, पण जांघ-मांडी दुखण्याच्या तक्रारी जास्त.

वाद पेटला तो याच पदार्थाच्या मोठ्या जाळ्यांवरून. त्या ‘अंग बाहेर येण्या’वर योनीमार्गे बसवल्या जात. जाळी योनीत उघडी पडणं, न थांबणारं दुखणं, संबंधाच्या वेळी वेदना अशा तक्रारींचा ढीग झाला. अमेरिकी नियामकाने २००८ आणि २०११मध्ये इशारे दिले, एप्रिल २०१९मध्ये या जाळ्यांची विक्री थांबवली आणि लघवीसाठीची टेप चालू ठेवली. इंग्लंडने जुलै २०१८मध्ये टेपही थांबवली. ठरवलेल्या अटी मार्च २०१९पर्यंत पुऱ्या व्हायच्या होत्या. त्या झाल्या नाहीत आणि स्थगिती लांबली.

अनेक शल्यचिकित्सकांना हा अन्याय वाटला. त्यांच्या हाती आकडे होते: २०१०च्या अमेरिकी चाचणीत ५९७ स्त्रियांपैकी, वर्षभरानंतरच्या तपासणीत, दोन्ही मार्गांच्या टेपचं यश ८० टक्क्यांच्या आसपास. आकडे खरेच होते, पण ते एका वर्षाचे. टेपमध्ये ऊती वाढतात. त्रास झाला तर ती पूर्ण काढणं अवघड जातं. शिवाय इंग्लंडमध्ये कोणाला कोणती टेप बसवली याची देशभराची नोंदवहीच नव्हती. ती असती तर सरसकट थांबवायची वेळ आली नसती, असं मला वाटतं.

मग जुनी आवरणाची पट्टी पुन्हा पुढे आली. तीही बिनत्रासाची नाही. २००७च्या चाचणीत ६५५ स्त्रियांमध्ये दोन वर्षांनी तिचं यश ६६ टक्के, तर योनीची भिंत टाक्यांनी वर उचलण्याच्या शस्त्रक्रियेचं ४९ टक्के. पण पट्टीच्या गटात मूत्रसंसर्ग आणि लघवी अडण्याचा त्रास जास्त होता.

आखूड ‘मिनी-स्लिंग’ कमी त्रासाचं म्हणून आलं. २०२२मध्ये आलेल्या ब्रिटिश चाचणीच्या निकालात तीन वर्षांनंतरही ते नेहमीच्या टेपच्या तोडीस तोड ठरलं. संबंधाच्या वेळी वेदना मात्र मिनी-स्लिंगच्या गटात ११.७ टक्के, टेपच्या गटात ४.८.