मोठ्या मॅगझीनचे मेटल फ्रेमचे पिस्तूल : घेण्याआधी काय बघावे
(सोलापूर शहर व जिल्ह्यातील परवानाधारक ग्राहकांसाठी)

"फायबर नको, लोखंडीच दाखवा, आणि मॅगझीन मोठे पाहिजे." काउंटरवर ही मागणी रोजची आहे. मागणीत वावगे काही नाही. पण मोबाईलवर बघून आलेली बहुतेक नावे 9 मिमीची असतात, आणि 9 मिमी पॅराबेलम आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप), म्हणजे पीबी. साध्या परवान्यावर ते मिळत नाही. कोणी "करून देतो" म्हणाला तर तिथून सरळ निघून यावे. एनपीबी, म्हणजे प्रतिबंधित नसलेल्या बोअरच्या, परवान्यावर सेल्फ-डिफेन्सच्या पिस्तुलात मिळते ते मुख्यतः .32 बोअरचे. तरीही आधी 9 मिमीबद्दल लिहितो आहोत, कारण .32 मधली मोठ्या मॅगझीनची पिस्तुले यातल्याच काही कारखान्यांची आहेत आणि मूळ प्रश्न दोन्हींकडे तोच आहे : पहिला चाप कसा ओढला जातो, आणि चढलेला घोडा खाली कसा आणायचा?

चार जुनी नावे

ब्राउनिंग हाय-पॉवर हे सगळ्यांत आधीचे. बेल्जियमच्या एफएन कारखान्याने ते 1935 मध्ये आणले. मूळ आराखडा करणारे जॉन ब्राउनिंग 1926 मध्येच वारले. उरलेले काम द्युदोने सेव्ह यांनी पुरे केले. दोन रांगांत 13 राउंड (काडतुसे) घेणारे मॅगझीन तेव्हा नवलाचे होते. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारे, आपल्या लष्कर-पोलिसांकडचे 9 मिमी 1ए हे याच वंशातले. फ्रेम पोलादी, वजन साधारण 900 ग्रॅम, पकड अजूनही उत्तम. हे सिंगल अ‍ॅक्शन, म्हणजे घोडा चढवल्याशिवाय चाप काही करत नाही. मॅगझीन बाहेर असले तर घोडा पडतच नाही. या जादा सुरक्षेपायी चाप जड आणि खरखरीत लागतो. काही जण तो भाग काढून टाकायला सांगतात. ते काम आम्ही करत नाही.

सीझेड 75 हे 1975 चे, चेकोस्लोव्हाकियातले. मॅगझीन आधी 15 चे होते, पुढे 16 चे झाले. वजन किलोच्या आसपास. यात स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) फ्रेमच्या बाहेरून नव्हे, आतल्या खाचांतून सरकते. त्यामुळे ती घट्ट बसते आणि नेम चांगला लागतो. पण बोटांना धरायला स्लाइड कमी उरते आणि घामेजल्या हाताने ओढताना निसटते. मोडतो तो स्लाइड-स्टॉप, म्हणजे स्लाइड मागे अडवून धरणारा खटका. जास्त फायरिंग करणारे एक जादा बाळगतात. मूळ मॉडेलला डीकॉकर, म्हणजे चढलेला घोडा सुरक्षित खाली आणणारा खटका, नाही. चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकातल्या काडतुसाच्या जागेत) राउंड असताना घोडा अंगठ्याने धरून हळूच सोडावा लागतो, आणि अंगठा सुटला की काय होते ते सांगायला नको.

बेरेटा 92 देखील सत्तरच्याच दशकातले, 15 राउंडचे. फ्रेम अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूची, तरी वजन 950 ग्रॅमच्या घरात. अमेरिकी लष्कराने 1985 मध्ये हेच एम-9 म्हणून घेतले. स्लाइड वरून उघडी असल्याने रिकामी पुंगळी सहसा अडकत नाही. लॉकिंग ब्लॉक, म्हणजे नळी आणि स्लाइड जोडून धरणारा ठोकळा, मात्र झिजणारा भाग आहे. त्याच्या कानांना तडा जातो. सेफ्टी स्लाइडवर आहे, ती खाली दाबली की घोडा आपोआप सुरक्षित पडतो. पण वरून मुठीत धरून स्लाइड ओढली तर नकळत सेफ्टी लागते, आणि मग "चापच चालत नाही" अशी तक्रार येते.

सिग पी-226 अमेरिकी लष्कराच्या त्याच निवड स्पर्धेत उतरले, चाचणीत पासही झाले आणि किमतीत मागे पडले. यात सेफ्टीचा खटकाच नाही, फक्त डीकॉकर. हाताळायला चौघांत हेच सर्वांत सोपे, असे आमचे मत.

.32 मध्ये हाताला काय लागते

बाहेरून आयात जवळजवळ बंद आहे. त्यामुळे जुने विदेशी पिस्तूल मिळते ते दुसऱ्या परवानाधारकाकडून. मोठ्या मॅगझीनची नावे मोजकीच : बेरेटा 81 (12 राउंड, मिश्रधातूची फ्रेम) आणि सीझेड 83 (15 राउंड, पोलादी फ्रेम, सुमारे 800 ग्रॅम). वॉल्थर पीपी सुबक आहे, पण 8 राउंडचे. ते मोठ्या मॅगझीनमध्ये मोडत नाही. बेरेटा 81 आणि सीझेड 83 दोन्हींत नळी जागची हलत नाही, स्लाइडला मागे जाताना रोखते ती फक्त स्प्रिंग आणि स्लाइडचे वजन. म्हणून .32 असूनही स्लाइड ओढायला जड वाटते. स्प्रिंग थकली की स्लाइड फ्रेमवर आदळू लागते आणि मिश्रधातूची फ्रेम चिरते. किमतीत घासाघीस करण्याआधी स्प्रिंग बघा.

पाहताना आधी मॅगझीन काढा, मग स्लाइड दोनदा ओढा, चेंबर डोळ्यांनी बघा, करंगळीने चाचपा. नंतर नळीत टॉर्च मारा. आत सावलीसारखे एखादे कडे दिसले तर नळी फुगलेली आहे, घेऊ नका. घोडा चढवून अंगठ्याने पुढे रेटा. तो पडला तर आतला अडकवण्याचा दात झिजला आहे. सेफ्टी लावून चाप ओढा, चाप सोडा, मग सेफ्टी काढा. त्या क्षणी घोडा पडला तर दुरुस्तीशिवाय वापरू नये. शेवटी मॅगझीनचे ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या वळवलेल्या कडा. ते वाकडे असतील तर नवे मॅगझीन शोधण्यात वर्ष जाईल.

राउंड अडकण्याचे खरे कारण

.32 पिस्तुलाच्या काडतुसाच्या बुडाला बारीकशी कड असते. मॅगझीन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात. स्लाइड ढकलते, राउंड नाक खाली घालून जागीच राहतो. दोष पिस्तुलाचा नसतो, भरण्याचा असतो. प्रत्येक राउंड पुढून आत दाबून पूर्ण मागे सरकवा, आणि भरून झाल्यावर मॅगझीनची मागची बाजू तळहातावर दोनदा हलकेच आपटा. अडकलेच तर वरून उचकटू नका. मॅगझीनची तळपट्टी काढून खालून मोकळे करा.

काडतुसे मागताना ".32 द्या" एवढेच म्हणू नका. पिस्तुलाच्या काडतुसाची पुंगळी 17 मिमी, रिव्हॉल्व्हरची 23 मिमी. एकाचे दुसऱ्यात चालत नाही. खोक्यावरचे पूर्ण नाव वाचून घ्या.

आपल्या हवेत निगा

उन्हाळ्यातला फुफाटा आणि कारखान्यांतली सूतधूळ, दोन्ही तेलाला चिकटतात. म्हणून तेल थेंबाने, वाटीने नाही. मॅगझीनच्या आत तर तेल नकोच, तिथे धूळ बसून लगदा होतो. पोलादी फ्रेमवर घामाचे बोट उमटले की पावसाळ्यात दोन दिवसांत गंज धरतो. रोज कोरड्या फडक्याने पुसा. मिश्रधातूच्या फ्रेमला तसा गंज नाही, पण स्लाइड सरकते त्या रुळांवरचा काळा थर जाऊन पांढरी चमक दिसू लागली की तिथे ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. पुसायला टॉवेलचा तुकडा घेऊ नका. सोलापुरात तो घरोघरी असतो हे खरे, पण त्याचे फासे खटक्यांत अडकतात; जुन्या धोतराचे मऊ कापड बरे. चामड्याच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल ठेवून कपाट बंद करू नका. चामडे ओल धरते, आणि गंज नेमका आपल्याला न दिसणाऱ्या बाजूने चढतो.

कागदपत्रे

शहर हद्दीत परवान्याचे काम पोलीस आयुक्तालयाकडे, बाकी जिल्ह्यात जिल्हाधिकारी कार्यालयाकडे. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रे, आणि परवान्याची मुदत पाच वर्षे. जुने पिस्तूल घेताना स्लाइड आणि फ्रेमवरचा क्रमांक विकणाऱ्याच्या परवान्याशी स्वतः ताडून बघा. एक आकडा पुसट असला तरी व्यवहार थांबवा. निवडणुकीत शस्त्र जमा करताना चेंबर तिथेच उघडून दाखवा, मॅगझीन किती दिली ते पावतीवर लिहून घ्या. दुसरे मॅगझीन पावतीवर नसेल तर परत मागताना हातात काही राहत नाही.