गच्चीवरच्या कुरडया आणि सार्जंट फिन्ली

"हवामान खात्यानं पाऊस सांगितलाय ना? मग घाला बिनधास्त कुरडया!" शेजारच्या काकूंचा हा विनोद आमच्या गच्चीवर दर एप्रिलात एकदा तरी होतोच. आई हसते आणि कुरडया घालते. मला मात्र तो विनोद छळतो. खातं खरोखर दर वेळी उलटंच सांगत असेल, तर त्याच्याइतकं भरवशाचं खातं देशात दुसरं नाही. सांगतील त्याच्या उलट वागायचं, झालं. खरा निरुपयोगी सल्लागार म्हणजे जो कधी बरोबर असतो, कधी चूक, आणि आज यातलं कोणतं हे कळायला मार्ग नसतो.

विनोद बाजूला ठेवू. 2017च्या जुलैत बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध थेट पोलिसांत तक्रार दिली होती. चांगल्या पावसाचा अंदाज ऐकून पेरलं, पावसानं ओढ दिली, बी-खताचे पैसे मातीत गेले. बियाणं आणि कीटकनाशकं बनवणाऱ्यांशी खात्याचं संगनमत असल्याचा आरोपही त्यात होता. त्या वर्षीचा जूनमधला अंदाज होता सरासरीच्या 98 टक्के, अधिक-उणे 4. देशात प्रत्यक्षात पडला 95 टक्के. म्हणजे कागदावर खातं पास. पण तो आकडा अख्ख्या देशाचा आणि चार महिन्यांचा. या आठवड्यात माजलगावात पेरावं का, याचं उत्तर त्यात नव्हतंच. संगनमताची गोष्ट मला पटत नाही. पण हा फरक बांधावर जाऊन कुणी समजावला नाही, एवढी तक्रार रास्तच आहे.

रोजच्या अंदाजाचीही तीच गत. "तुरळक ठिकाणी पाऊस" हे आपल्याला गुळमुळीत वाटतं, पण खात्याच्या भाषेत त्याला नेमका अर्थ आहे: त्या भागातल्या नोंद केंद्रांपैकी फार तर 25 टक्के ठिकाणी. "काही ठिकाणी" म्हणजे 26 ते 50 टक्के, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे 51 ते 75, आणि त्याच्या वर "बहुतांश ठिकाणी". म्हणजे तुरळकचा अंदाज तंतोतंत खरा ठरला, तरी चारातले तिघं कोरडेच राहणार आणि तिघंही खात्याच्या नावानं बोटं मोडणार. पाऊस किती लहरी असतो ते मुंबईकरांना सांगायला नको. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम 73.

मग लोक म्हणतात, सरकारी तज्ज्ञ नकोत, आम्ही मोबाइलवर अमक्याचा अंदाज बघतो, तो 95 टक्के अचूक असतो. इथं मला सार्जंट फिन्ली आठवतो, आणि तो आठवला की मी लवकर थांबत नाही.

जॉन फिन्ली हा अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरमधला, म्हणजे सरकारीच तज्ज्ञ. 1884 साली त्यानं टोर्नेडोचे, म्हणजे सोंडेसारख्या गरगरत्या वादळाचे, अंदाज वर्तवायला सुरुवात केली. एकूण अंदाज 2,803. त्यातले बरोबर किती? 96.6 टक्के! आजच्या कुठल्याही यूट्यूबवाल्यानं हेवा करावा असा आकडा. पण ही बेरीज उकलून बघा. "टोर्नेडो येणार" असं तो 100 वेळा म्हणाला, त्यातल्या 28 वेळा आला, 72 वेळा आला नाही. "येणार नाही" असं म्हणाला तेव्हा 23 वेळा येऊन गेला आणि 2,680 वेळा खरंच आला नाही. त्याच्या यशाचा डोंगर उभा आहे तो या शेवटच्या आकड्यावर. त्याच वर्षी गिल्बर्ट नावाच्या भूवैज्ञानिकानं दाखवून दिलं, की डोळे मिटून रोज "येणार नाही" म्हणत बसलो असतो तर 98.2 टक्के गुण मिळाले असते! गिल्बर्टनं ते सोपे गुण वगळायला सांगितलं. उरले 28 अधिक 72 अधिक 23, म्हणजे 123. त्यात बरोबर 28. अचूकता आली 23 टक्क्यांवर.

फिन्ली फसवा होता का? तसंही नाही. टोर्नेडो एकूण 51 वेळा आला, म्हणजे शंभरात दोनदाही नाही. फिन्लीनं इशारा दिला, की शंभरात 28 वेळा येत होता. एरवीच्या प्रमाणाच्या पंधरापट. त्याच माणसाची हीच वही, पण 97 टक्के म्हणणाराही चुकला आणि कुचकामी म्हणणाराही.

तेव्हा कुणी अचूकतेचा आकडा तोंडावर फेकला, की चारही खाने मागा: सांगितलं-झालं, सांगितलं-नाही झालं, न सांगता झालं, न सांगता नाही झालं. पंचांगातलं नक्षत्राचं वाहन या खान्यांत बसवून दाखवा बघू. कोल्हा म्हणजे नेमके किती मिलिमीटर? आणि इगतपुरीला आणि जतला एकच कोल्हा कसा? हवामान खात्याची वही निदान उघडी असते. 2002 साली पाऊस सरासरीच्या 101 टक्के सांगितला, पडला 81. फजितीच. पण ज्या 16 घटकांच्या सूत्रानं तो अंदाज काढला होता, ते पुढच्याच वर्षी मोडीत निघालं, आणि हंगाम संपला की अंदाज आणि प्रत्यक्ष पाऊस शेजारी-शेजारी छापला जातो.

आता "पावसाची शक्यता इतके टक्के" म्हणतात, ते टक्के येतात कुठून? 1961 साली एडवर्ड लॉरेन्झ या अमेरिकी हवामानशास्त्रज्ञानं संगणकात 0.506127ऐवजी 0.506 भरलं आणि थोड्याच वेळात पुढचं सगळं हवामान पार निराळं निघालं. सुरुवातीची मोजमापं कधीच अगदी अचूक नसतात, म्हणून आता एकच गणित सुरुवातीला किंचित फेरफार करून अनेकदा सोडवतात. आपल्याकडे 2018पासून वापरात आलेल्या प्रणालीत 21 वेळा. त्यातल्या चारांत पाऊस दिसला, तर शक्यता ढोबळमानानं 20 टक्के.

या 20 टक्क्यांचं करायचं काय, ते मात्र खातं ठरवू शकत नाही. समजा तुमचा 40,000 रुपयांचा कांदा उघड्यावर पडलाय आणि झाकायला 2,000 खर्च आहे. भागाकार केला की 5 टक्के येतात. शक्यता त्याहून जास्त असेल तर झाकायचा, मग पाचातल्या चार वेळा पाऊस न येवो. शेजाऱ्याकडे लग्न आहे. मांडवावर पत्रे घालायला 30,000 लागतात, भिजला तर नुकसान 60,000चं. त्याचा उंबरठा 50 टक्के, त्यानं पत्रे घालू नयेत. अंदाज एकच, निर्णय दोन, दोन्ही बरोबर. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, या कृषी विभागाच्या सल्ल्यामागेही हाच हिशेब आहे: थांबण्याचा तोटा एकीकडे, दुबार पेरणीचा खर्च दुसरीकडे. विहिरीला पाणी असलेल्याचा हिशेब वेगळा येईल, आणि तो त्याचा त्यानंच करायचा.

मागच्या एप्रिलात आईनं विचारलं, "येणार का रे पाऊस?" म्हटलं, वीस टक्के. तिनं चिकाचं पातेलं उचललं आणि जुनं पातळ गच्चीच्या मधोमध न पसरता जिन्याच्या दाराशी पसरलं, दोन पावलांत आत ओढता येईल असं. उन्हाला तिथं थोडी सावली पडते, कुरडया वाळायला एक दिवस जास्त लागला.

पाऊस आला नाही. संध्याकाळी काकू वर आल्या आणि म्हणाल्या, "बघा, चुकलं ना खातं!"