आरटीईच्या शंभर वर्षं आधी: गोखल्यांचं शिक्षणाचं बिल

आरटीई, म्हणजे मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा, त्यातून खासगी शाळांत राखीव २५ टक्के जागांची लॉटरी जवळ आली की घराघरात उत्पन्नाचा दाखला, रहिवासी पुरावा यांची धावपळ सुरू होते, आणि बऱ्याच पालकांना वाटतं की हे सगळं २००९ च्या कायद्यापासूनच आलं. पण सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल, म्हणजे विधेयक, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ सालीच मांडलं होतं. शाळेत आपण त्यांना 'गांधीजींचे राजकीय गुरू' एवढ्या एका ओळीत संपवतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

मागणी त्याहूनही जुनी, जोतिराव फुल्यांची. १८८२ ला इंग्रज सरकारने शिक्षणाची पाहणी करायला नेमलेल्या हंटर कमिशनपुढे त्यांनी सांगितलं की तिजोरी भरते शेतकऱ्यांच्या घामाने आणि पैसा जातो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर, त्यापेक्षा १२ वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. इंग्रजांनी ते केलं नाही. बडोद्यात मात्र सयाजीराव महाराजांनी १८९३ ला अमरेली भागात सुरुवात केली आणि १९०६ ला सगळ्या संस्थानात सक्ती आणली, म्हणजे हे होऊ शकतं याचा पुरावा समोर होता.

गोखले गुहागरजवळच्या कोतळूकचे, जन्म १८६६. वडील लवकर गेले, मोठा भाऊ महिना १५ रुपयांवर नोकरी करायचा आणि त्यातले ८ धाकट्याच्या शिक्षणाला पाठवायचा, त्यामुळे फी म्हणजे काय हे त्यांना घरातूनच माहीत होतं. पुढे फर्ग्युसनमध्ये शिकवलं, १८९९ ला मुंबईच्या कौन्सिलात, म्हणजे कायदेमंडळात, आणि नंतर व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गेले. १९०२ चं त्यांचं पहिलंच बजेट भाषण बघा, सरकार शिल्लक मिरवत होतं आणि हे विचारत होते की गरिबाच्या मिठावर मणाला अडीच रुपये कर कशाला. तो कर टप्प्याटप्प्याने उतरून १९०७ ला १ रुपयावर आला.

१९१० ला त्यांनी शिक्षणाचा ठराव मांडला, सरकारने विचार करू म्हटल्यावर मागे घेतला, आणि काहीच ठोस होईना तेव्हा १६ मार्च १९११ ला सरळ बिल आणलं. त्यात मागितलं होतं किती थोडं! ६ ते १० वयाची मुलं, तेही फक्त मुलगे आधी, मुली नंतर, सक्ती करायची की नाही हे नगरपालिका किंवा लोकल बोर्डाने ठरवायचं आणि वर सरकारची परवानगी घ्यायची, महिना १० रुपयांपेक्षा कमी कमाई असलेल्या घराला फी माफ, आणि खर्चाचे दोन हिस्से सरकारचे, एक स्थानिक संस्थेचा. शाळेच्या वयाच्या पोराला कामाला लावणाऱ्याला दंडही होता. त्याच महिन्यात गिरण्यांच्या कायद्याची चर्चा झाली, तिथेही ते गिरणीतल्या पोरांना मोफत शिक्षण द्या म्हणून उभे राहिले, हे फार कमी जणांना माहीत असतं.

मार्च १९१२ ला दोन दिवस चर्चा झाली. पैसा नाही, लोकांची तयारी नाही, पोरं शाळेत गेली तर शेतीला मजूर कुठून आणायचे, असे आक्षेप आले. मालवीय आणि जिना बाजूने बोलले, तरी बिल ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. आणि हे विरोधात मत देणारे सगळे इंग्रज नव्हते, आपलेही होते. बिल पडणार हे गोखल्यांना आधीच ठाऊक होतं आणि त्यांनी ते सभागृहात बोलूनही दाखवलं. तीन वर्षांत, १९१५ ला, ते गेले, वय जेमतेम ४८.

पण बिलातली कल्पना मेली नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ ला सक्तीचं आणि मोफत शिक्षण सुरू केलं, १९१८ ला विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई प्रांतात नगरपालिकांसाठी कायदा करून घेतला. घटनेच्या कलम ४५ मध्ये १४ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी १० वर्षांची मुदत लिहिली गेली, ती १९६० ला उलटून गेली, मग शिक्षण हा मूलभूत हक्क करणारी २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती आणि १ एप्रिल २०१० पासून आरटीई. २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्य सरकारने, जवळ सरकारी शाळा असेल तर खासगी शाळांना त्या २५ टक्के राखीव जागांतून सूट दिली होती, ती जुलैमध्ये मुंबई हायकोर्टाने रद्द केली.